वळीव कोठून येतो आणि आपण कोठे थांबावे

गोव्यात वादळाचा पाठलाग करायचा असे म्हटले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा अमेरिकेतील ओक्लाहोमाची सपाट माळराने, क्षितिजापर्यंत सरळ गेलेले रस्ते आणि दूरवर फिरणारा टोर्नेडो उभा राहतो. आपल्याकडे यांतले काहीच नाही. उत्तर-दक्षिण सुमारे १०५ आणि पूर्व-पश्चिम सुमारे ६० किलोमीटर एवढा आपला पट, त्यात वळणावळणांचे अरुंद रस्ते आणि दोन्ही बाजूंस माड-पोफळींची अशी दाटी, की डोक्यावरच्या आभाळाची चिंचोळी पट्टी तेवढी दिसावी. असे असूनही घरापासून तासाभराच्या अंतरात जोरदार वळीव पाहण्यासाठी गोवा फार सोयीचा आहे, कारण येथील गडगडाटी ढग बहुतेक वेळा एकाच बाजूने, म्हणजे सह्याद्रीकडून, आणि साधारण एकाच सुमारास, म्हणजे दुपार कलल्यावर येतात. ज्याचा रस्ता आणि वेळ आधीच ठाऊक आहे, त्याच्या मागे धावण्याचे कारण नाही. म्हणून पाठलाग हा शब्द रूढ आहे म्हणून येथे वापरला असला, तरी सांगायची रीत वेगळी आहे. ढग जेथे येणार तेथे त्याच्या आधी पोहोचावे, गाडीचे तोंड परतीच्या रस्त्याकडे करून बसावे आणि त्याला आपल्याकडे येऊ द्यावे.

कोणते दिवस, कोणते ढग

वर्षातून दोन हंगाम उपयोगाचे असतात. पहिला एप्रिलच्या मध्यापासून मॉन्सून दाखल होईपर्यंतचा, म्हणजे साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा. दुसरा मॉन्सून माघारी फिरू लागल्यानंतरचा, म्हणजे ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे पहिले काही दिवस. नक्षत्रांच्या हिशेबाने पाहणाऱ्यांनी रोहिणी संपेपर्यंतचा काळ आणि पुढे हस्ताच्या उत्तरार्धापासून चित्रा व स्वाती एवढे धरून चालावे. जून ते सप्टेंबर या काळात पाऊस कितीही कोसळला, तरी त्यात पाहण्याजोगे वादळ क्वचितच असते. समुद्रावरून येणाऱ्या जोरदार पश्चिमी वाऱ्यांत वाढणारे ढग पाण्याने भरलेले असले, तरी वळिवाच्या ढगांइतके उंच जात नाहीत आणि त्यांत विजाही कमी असतात.

वळिवाच्या दिवसांत घडते ते असे. सकाळी दहा-अकराच्या पुढे जमीन तापते, समुद्रावरून खारे वारे सुरू होतात आणि दमट हवा सपाटीवरून आत ढकलली जाऊन सह्याद्रीच्या उतारावर चढू लागते. घाटमाथ्यापलीकडे खानापूर-बेळगावच्या बाजूची हवा त्याहून तापलेली आणि कोरडी असते. या दोहोंची गाठ माथ्याच्या आसपास पडते आणि दुपारी एक-दोनच्या सुमारास तेथे ढगांचे पहिले मनोरे उभे राहतात. जमिनीलगत वारा पश्चिमेकडून वाहत असला, तरी तीन ते पाच किलोमीटर उंचीवर या दिवसांत तो अनेकदा पूर्वेकडून असतो आणि उंच झालेला ढग या वरच्या वाऱ्याचे ऐकतो. म्हणून घाटावर जन्मलेला ढग उतरून सत्तरी, सांगे, फोंडा, डिचोली या बाजूंनी समुद्राकडे निघतो. ज्या दिवशी वरचा वारा पश्चिमेकडून असतो, त्या दिवशी तोच ढग बेळगावकडे निघून जातो आणि आपल्या वाट्याला दूरचा गडगडाट व रात्रीचा उकाडा एवढेच येते.

चक्रीवादळ ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचा या छंदाशी काहीही संबंध जोडू नये. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडे आणि विजेचे खांब मोडून पडले आणि अनेक गावे दीर्घ काळ अंधारात राहिली. वळिवाचा एक ढग अर्धा-एक तास जगतो आणि त्याच्या बाजूला होण्याइतकी जागा आपल्याला मिळते; शेकडो किलोमीटर पसरलेल्या चक्रीवादळाच्या बाजूला होता येत नाही. चक्रीवादळाचा इशारा असताना घरी बसावे.

सकाळी करायचे काम

पणजीतील आल्तिनो येथील हवामान केंद्राचा दैनंदिन अंदाज आधी वाचावा. ‘मेघगर्जनेसह ताशी ३० ते ४० किंवा ४० ते ५० किलोमीटर वेगाचे वारे’ असे वाक्य त्यात असले, तर दिवस विचारात घेण्यासारखा आहे असे समजावे. इशाऱ्याचा रंग पिवळा की नारिंगी यावर फार विसंबू नये. तो रंग संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो, आणि वळीव एका वाड्यावर कोसळतो तेव्हा शेजारच्या वाड्यावर धूळ उडत असते.

यानंतर स्वतःची पाहणी करावी. वरच्या हवेचे तापमान, ओलावा आणि वारा मोजण्यासाठी पणजीहून सोडल्या जाणाऱ्या फुग्याची पहाटे साडेपाचची नोंद जागतिक केंद्र क्रमांक ४३१९२ खाली उपलब्ध होते. तिचा तिरपा आलेख वाचायला शिकण्यास एक महिना लागतो, पण तो महिना वाया जात नाही. ते जमेपर्यंत फोनवरील वाऱ्याच्या नकाशांत दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे ७०० हेक्टोपास्कलचा, अर्थात साधारण तीन किलोमीटर उंचीवरचा वारा. तो पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून असला पाहिजे. दुसरी म्हणजे केप, म्हणजे वर चढणाऱ्या हवेला मिळू शकणाऱ्या ऊर्जेचा आकडा. तो किलोग्रॅमला १००० जूलच्या आत असेल तर फारशी आशा धरू नये आणि २००० च्या वर असेल तर बॅटऱ्या चार्जिंगला लावाव्यात. मात्र येथे नवख्याची हमखास फसगत होते. मे महिन्यात किनारपट्टीवर केपचा आकडा जवळजवळ रोजच मोठा असतो, आणि केवळ त्यावर भुलून मी कित्येक संध्याकाळी केवळ घाम पुसून परत आलो आहे. ऊर्जा असणे वेगळे आणि ती मोकळी होणे वेगळे. भांड्यावर घट्ट झाकण असावे तसा मधल्या उंचीवर गरम, कोरड्या हवेचा थर असला, तर खालची दमट हवा दिवसभर उकळूनही वर जात नाही. म्हणून आकड्यापेक्षा वाऱ्याची दिशा आणि दुपारचे प्रत्यक्ष आभाळ यांना मी अधिक किंमत देतो.

अंदाज बांधण्याची खरी कसोटी आमच्या अंगणात लागते. मे महिन्यात तेथे भिरंडांची, म्हणजे कोकमांची, सोले वाळत असतात. रस लावायचा, पुन्हा वाळवायचे, असे ते काम काही दिवस चालते आणि एका सरीने सगळे नासते. दुपारी दोनच्या सुमारास आई विचारते, ‘‘आज आत घेऊ, की राहू दे?’’ तिला साठ टक्के शक्यता वगैरे सांगून चालत नाही. हो किंवा नाही, एवढेच सांगावे लागते. ज्याला वादळ पाहायचे आहे त्याने रोज दुपारी असे एक ठाम उत्तर कोणाला तरी द्यावे आणि ते वहीत लिहून ठेवावे. दोन हंगामांत आपली नजर कोठे चुकते ते स्वच्छ दिसू लागते. माझ्या बाबतीत ती सकाळच्या उंच, पातळ ढगांनी चुकत असे. आकाशावर असा पडदा असला तर जमीन पुरेशी तापत नाही आणि आकडे चांगले असूनही घाटावर काही उभे राहत नाही.

दुपारनंतर: उपग्रह, रडार आणि एक चूक

दुपारी बारापासून इन्सॅट उपग्रहाची चित्रे पाहावीत. सह्याद्रीच्या माथ्यावर पांढरे ठिपके दिसू लागले आणि पुढच्या चित्रात ते फुगले, तर झाकण उघडले असे समजावे. एक ठिपका वाढून विरला तर थांबावे. दुसरा, तिसरा वाढला आणि टिकला, तर कपडे बदलावेत. एकदा ढगांतून पाऊस पडू लागला, की उपग्रहापेक्षा रडार अधिक उपयोगी पडते. पणजीच्या डॉपलर रडारची चित्रे हवामान विभागाच्या संकेतस्थळावर खुली असतात आणि थोड्या थोड्या मिनिटांनी बदलतात. त्यांपैकी मॅक्स झेड नावाचे चित्र आपल्या कामाचे आहे. मधल्या चौकोनात नकाशा असतो आणि वरच्या व उजव्या पट्टीत त्याच ढगांची उभी उंची दिसते. नवखे लोक या पट्ट्यांकडे पाहतच नाहीत. नकाशावर ४५ डीबीझेडच्या (पावसाकडून रडारकडे परतणाऱ्या लहरींच्या जोराचे हे माप) पुढचा रंग दिसला तर पाऊस जोराचा आहे हे कळते, पण तोच रंग पट्टीत दहा-बारा किलोमीटर उंचीपर्यंत गेलेला दिसला, तर त्या ढगात बर्फ, विजा आणि खाली आदळणारा वारा हे सगळे आहे असे धरावे. रडारच्या नेमके डोक्यावर काय आहे ते रडारला दिसत नाही, त्यामुळे ढग पणजीवर आला की चित्र एकाएकी फिके पडते. ढग विरला असे समजून खिडकी उघडण्याची ती वेळ नव्हे.

ढगाचा वेग काढणे सोपे आहे. अर्ध्या तासाच्या अंतराची दोन चित्रे घ्यावीत आणि गाभा किती सरकला ते मोजावे. तो दहा किलोमीटर पश्चिमेला आला असेल तर वेग ताशी वीस किलोमीटर, आणि साखळी त्याच्यापासून पंधरा किलोमीटरवर असेल तर पाऊस तेथे पोहोचायला पाऊण तास. या उत्तरातून मी नेहमी तिसरा हिस्सा वजा करतो, कारण पावसाच्या आधी त्याचा वारा येतो आणि पाहायचे असते ते मुख्यतः त्या वाऱ्यासह येणारे ढगाचे तोंड.

विजांसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले दामिनी हे ॲप फोनवर असावेच. आपण उभे आहोत तेथून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर ते कळवते.

आता चूक. रडार आणि उपग्रह यांच्या चित्रांवरील वेळ पुष्कळदा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते आणि तिच्यात साडेपाच तास मिळवल्यावर आपली वेळ निघते. हे मला ठाऊक होते, तरी छंदाच्या पहिल्या वर्षी डिचोली तालुक्यातील एका सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, उभा असताना, चित्रावर ११:४० पाहून हे दुपारच्या आधीचे जुने चित्र फोनमध्ये अडकून पडले आहे, अशी मी समजूत करून घेतली. प्रत्यक्षात ते संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांचे, म्हणजे दहा मिनिटांपूर्वीचे होते. खाली नाल्याकडच्या रानाने पूर्वेचे क्षितिज झाकलेले होते. समुद्राकडून येणारा वारा थांबला आणि काजूच्या बागेत एकही पान हलेना. मग पूर्वेकडून ओल्या मातीचा वास असलेला, अंगावर काटा आणणारा गार वारा आला आणि त्याच्या पाठोपाठ सड्यावरची सगळी तांबडी धूळ उठली. पहिली वीज चमकली तेव्हा मी मोजू लागलो आणि सहाव्या सेकंदाला आवाज आला. म्हणजे दोन किलोमीटर. माझ्याजवळ स्कूटर होती आणि सड्यावर माझ्याहून उंच असे काहीच नव्हते. उतरून जे पहिले घर लागले त्याच्या पडवीत शिरलो. तेथील आजी म्हणाल्या, ‘‘दारात नको उभा राहू रे, आत ये,’’ आणि कोण आहे, कोठला आहे, हे त्यांनी वीज थांबल्यानंतरच विचारले.

त्या दिवसापासून दोन नेम केले आहेत. चित्रावरची वेळ मोठ्याने वाचून, तिच्यात साडेपाच तास मिळवून मगच पुढचे बोलायचे. आणि दुचाकीवरून या कामाला कधीही निघायचे नाही.

कोठे थांबावे

गोव्यातल्या पाठलागाची निम्मी विद्या जागा निवडण्यात आहे. घाटात जाऊ नये. चोर्ला किंवा अनमोडचा घाट ढगाच्या जन्मस्थानी आहे, म्हणून तेथे जावेसे वाटते, पण आत गेल्यावर झाडी आणि डोंगर यांच्यामुळे आभाळ दिसत नाही, धुके उतरते, दरड किंवा झाड रस्त्यावर येते आणि गाडी वळवायला जागा मिळत नाही. ढग घाटाबाहेर पडून सपाटीवर येताना जितका देखणा दिसतो तितका घाटात कधीच दिसत नाही. म्हणून माथ्यापासून पंधरा ते पंचवीस किलोमीटर पश्चिमेला, पूर्वेचे क्षितिज मोकळे असलेली जागा शोधावी.

अशी जागा म्हटली की सडा आठवतो, आणि नेमका तोच धोक्याचा. जांभ्या दगडाचा उघडा, सपाट सडा पाहण्यासाठी उत्तम, पण त्यावर उभा असलेला माणूस हाच तेथला सर्वांत उंच बिंदू ठरतो. सड्यावर जायचे ते पत्र्याचे छत असलेल्या बंद चारचाकीतून, आणि त्या गाडीतून उतरायचे नाही, या अटीवर. चंद्रनाथसारख्या डोंगरमाथ्याविषयीही हेच सांगावे लागेल. तेथून दिसणारा देखावा अपूर्व आहे, पण तो वादळ चाळीस किलोमीटर दूर असताना पाहावा आणि पायऱ्या उतरून खाली यावे. मला स्वतःला फोंड्याजवळची फर्मागुडी आवडते, कारण जागा उंचावर असून गाडी लावता येते आणि हाकेच्या अंतरावर पक्क्या इमारती आहेत. पणजी ते रायबंदर हा १६३० च्या दशकात पोर्तुगीजांनी बांधलेला बांधरस्ता दोन्ही बाजूंस पाणी आणि मिठागरे असल्यामुळे आभाळ मोकळे दाखवतो, पण तेथे थांबू नये. जाता जाता शेजारच्या माणसाने पाहून घ्यावे. मांडवी आणि झुवारी यांवरच्या पुलांवरही गाडी उभी करू नये. दिवाडी बेटावर संध्याकाळचे आभाळ अतिशय सुरेख असते. मात्र तेथून परतण्यासाठी फेरीबोट लागते आणि वारा सुटला की ती थांबते, एवढ्या एका कारणासाठी मी वळिवाच्या दिवशी दिवाडीला जात नाही. डिचोली आणि सांगे भागांतील बंद खाणींच्या रस्त्यांनाही शिवू नये. ओली तांबडी माती साबणासारखी निसरडी होते आणि खंदकाची कड दिसत नाही.

जागा ठरली, की आधी परतीचा रस्ता पाहावा. एकच रस्ता असलेली जागा कितीही चांगली असली तरी सोडावी, कारण माडाची एक झावळी किंवा आंब्याची एक फांदी तो रस्ता बंद करायला पुरेशी असते. गाडी माड, विजेचे खांब आणि तारा यांच्यापासून दूर लावावी. बरोबर दुसरा माणूस असावा. चालवणाऱ्याने चालवावे आणि फोन दुसऱ्याने पाहावा. टाकीत पेट्रोल असावे, नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावेत, कारण लाईट गेल्यावर थोड्याच वेळात नेटवर्कही जाते. आपण कोठे आहोत आणि किती वाजता परतणार, हे घरी सांगून निघावे.

ढग समोर असताना

दूरच्या ढगाचा माथा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा रेखीव असेल, तर तो अजून वाढत आहे. माथ्याच्या कडा पुसट, तंतुमय होऊन लोहाराच्या ऐरणीसारख्या पसरू लागल्या, की वरचे पाणी गोठले आहे आणि ढग पूर्ण वाढीला आला आहे. ही ऐरण ज्या बाजूला पसरते त्याच बाजूला ढग निघाला आहे असे मानू नये. ती दहा-बारा किलोमीटरच्या वरच्या वाऱ्याने पसरते आणि ढगाला ढकलणारा वारा त्याच्या पुष्कळ खाली असतो.

याच्यापुढची गोष्ट जाणकार आणि नवखा यांच्यात फरक करते. पूर्ण वाढलेल्या ढगातून पावसाबरोबर गार, जड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. तिची पश्चिमेकडे धावणारी कड समुद्रावरून आत येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याला भिडते, दमट हवा दोहोंच्या मध्ये चिरडून वर फेकली जाते आणि तेथे नवा ढग उभा राहतो. त्यामुळे सगळे लोक सत्तरीवरच्या काळ्याभोर जुन्या ढगाकडे पाहत असतात, तेव्हा पुढचे वादळ फोंडा आणि पणजी यांच्या मध्ये, पाहणाऱ्याच्या पाठीमागे तयार होत असते. रडारवर कधी कधी ही कड मुख्य ढगाच्या पुढे बारीक, फिकट रेषेसारखी दिसते. ती दिसली तर जुन्या ढगाकडे जाण्यात अर्थ नसतो. जेथे आहोत तेथेच बसावे आणि पाठीमागे पाहावे.

कड जवळ आल्याची खूण कोणत्याही यंत्राशिवाय कळते. समुद्राकडचा वारा आधी मंदावतो, क्षणभर सगळे थिजते आणि मग वारा उलट दिशेने, पूर्वेकडून, गार होऊन येतो. त्याच वेळी पूर्वेला ढगाच्या पोटाखाली काळसर, थराथरांची कमान दिसली, तर तेच या छंदातील सर्वांत देखणे दृश्य असते आणि काचा वर करण्याची तीच वेळही असते. कमान डोक्यावर येईपर्यंत दोन-चार मिनिटे मिळतात. त्यानंतर पावसाचा पडदा येतो, समोरचा बॉनेटही दिसत नाही आणि पाहण्यासारखे काही उरत नाही. तेव्हा पावसात गाडी हाकत ढगाच्या आत शिरण्याची हौस करू नये.

विजेचा हिशेब साधा आहे. चमक आणि आवाज यांच्या मधल्या सेकंदांना तीनने भागले की किलोमीटर मिळतात. अंतर तीस सेकंदांचे, म्हणजे दहा किलोमीटरचे झाले की उघड्यावरचे सगळे काम बंद करून गाडीत किंवा पक्क्या घरात जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. वीज ढगापासून पंधरा किलोमीटर दूरही पडू शकते, त्यामुळे डोक्यावर निळे आभाळ असणे हे काही संरक्षण नव्हे. पत्र्याचे छत असलेली बंद गाडी वाचवते ती रबरी टायरांमुळे नव्हे, तर प्रवाह तिच्या धातूच्या कवचावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत जातो म्हणून; हे लक्षात ठेवले की स्कूटर, रिक्षा किंवा पर्यटकांना भाड्याने मिळणारी कापडी छताची जीप का चालत नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. बसथांबा, देवळाचा उघडा मंडप, शेतातला पत्र्याचा मांडव आणि झाडाचा आडोसा हे पावसापासून वाचवतात, विजेपासून नाही. गाडीवर किंवा शेजारी तार तुटून पडली तर आतच बसावे आणि ११२ ला फोन करावा. कोणावर वीज पडलीच, तर त्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो. श्वास आणि नाडी थांबली असेल तर छाती दाबण्यास सुरुवात करावी आणि दुसऱ्याने १०८ ला कळवावे.

अनुभव वाढला की धोका कमी होतो, असे मात्र कोणी समजू नये. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनो येथे टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे टोर्नेडोत सापडून मरण पावले. समारास यांनी अनेक वर्षे टोर्नेडोंच्या वाटेवर मोजमापाची यंत्रे ठेवण्याचे काम केले होते आणि सावधपणाबद्दल त्यांची ख्याती होती. त्या दिवशी टोर्नेडोने दिशा आणि वेग अचानक बदलला होता.

छायाचित्रांविषयी थोडेसेच. रात्री कॅमेरा तिपाईवर ठेवून, आयएसओ १०० ते २००, छिद्र एफ ८ च्या आसपास ठेवून शटर दहा ते तीस सेकंद उघडे ठेवले, की त्या वेळात पडलेली वीज आपोआप येते. बटण दाबून वीज पकडण्याचा प्रयत्न व्यर्थ असतो. फोकस आधी दूरच्या दिव्यावर करून हाताने पक्का करावा. हे सगळे गाडीच्या आतून किंवा घराच्या खिडकीतून करावे, आणि त्यासाठी सर्वांत चांगली वेळ आठनंतरची. तोवर ढग किनारा ओलांडून समुद्रावर गेलेला असतो, आपल्याकडचा पाऊस थांबलेला असतो आणि पश्चिमेला क्षितिजावर तो आतून उजळत राहतो.

दुसऱ्या दिवशी

वहीत वेळा लिहाव्यात. पहिला मनोरा कधी दिसला, वारा कधी फिरला, पाऊस कधी सुरू झाला, गारवा किती वेळ टिकला, आणि आईला काय सांगितले होते. गारा पडल्या असतील तर तेही लिहावे. किनाऱ्याकडे त्या क्वचितच पोहोचतात, कारण या दिवसांत बर्फ वितळण्याची पातळी सुमारे पाच किलोमीटरवर असते आणि उरलेल्या वाटेत लहान गार टिकत नाही.

पडझड झाली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन केळी आणि पोफळी कोणत्या दिशेने पडल्या आहेत ते पाहावे. सगळ्या एकाच दिशेला आडव्या असतील तर वारा सरळ आला; एका मध्यापासून चहूबाजूंना पंख्यासारख्या पसरल्या असतील, तर ढगातून हवा तेथेच खाली आदळली. गावात लोक दोन्ही वेळा चक्रीवादळ झाले असेच म्हणतात आणि दुपारपर्यंत ते फोनांवर सगळीकडे पसरते, म्हणून चार झाडांची दिशा होकायंत्राने मोजून नोंदवलेली बरी. मात्र कुळागरात, म्हणजे पोफळी-केळींच्या बागेत, शिरण्याआधी मालकाला विचारावे. त्याच्या वर्षाच्या पिकाचे नुकसान झालेले असते, आणि आपण हातात वही घेऊन तेथे उभे असतो. अशा वेळी आधी पडलेल्या पोफळी बाजूला करायला हात लावावा, मोजमाप नंतर करता येते.